कुलूपबंद मेल आणि होणारे व्याही

आमच्या घरात कुलूप लावलेली मेल फक्त मलाच वाचता येते. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी काळ्या पडद्याचा मेल प्रोग्रॅम वापरतो. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीला, मेघालाही मी बजावलं होतं, "घरातलं महत्त्वाचं काही असलं तर एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून पाठव. परक्याला एक अक्षर कळता कामा नये!"

त्या रविवारी दुपारी तिची मेल आली. विषय : 'बाबा, लगेच वाचा.' मी पासवर्ड टाकला, ऐटीत एक बटण दाबलं आणि पडदाभर अक्षरांचा चिवडा पसरला!

हॉलमध्ये शेंगा सोलत बसलेली सुनंदा (माझी बायको) उठून आली.

"काय म्हणतेय?"

"कुलूप भक्कम आहे."

"ते असू दे. पोरगी काय म्हणतेय?"

कुर्डुवाडीहून आलेले तिचे भाऊ अण्णा चष्मा सावरत वाकले. "दाजी, ह्ये तर मुंग्या सोडल्यावानी दिसतंय की!"

मी पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा तेच बटण. पुन्हा मुंग्या!

"फोन लावा की तिला," सुनंदा घाबरली. फोन लागेना. (बाईसाहेब गाडीत होत्या, हे नंतर कळलं.) आपली अब्रू वाचवायला मी म्हणालो, "हॅकरचं काम दिसतंय." झालं! सुनंदानं डोळ्याला पदरच लावला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेघा, एक उंच तरुण, त्याचे आईवडील आणि पेढ्यांचा पुडा! समोर लुंगी-बनियनमधला मी, रडणारी सुनंदा आणि हॉलभर टरफलं.

"बाबा, मेल वाचली नाहीत?" मेघा पुटपुटली.

"कॉम्प्युटर बिघडलाय."

"बघू का, काका?" तो तरुण, अभिषेक, पडद्याकडे बघून म्हणाला, "मेल केव्हाच उघडलीय. तुम्ही तिचं कच्चं, फक्त मशीनला कळणारं रूप बघताय."

त्यानं एकच बटण दाबलं. मुंग्यांची मराठी झाली आणि अण्णांनी ती खणखणीत आवाजात वाचली : "बाबा, आज पाच वाजता अभिषेकचे आईबाबा लग्नाचं बोलायला येताहेत. शर्ट घाला. कॉम्प्युटरवर भाषण देऊ नका. त्याची आई लांबण लावलेलं ऐकून घेत नाही, तोंडावर बोलते..."

मेघानं कपाळाला हात लावला.

"खरंच लिहिलंय की पोरीनं!" अभिषेकची आई खदखदून हसली आणि सरळ सुनंदाशेजारी शेंगा सोलायला बसली. चहा होईपर्यंत लग्न ठरलंसुद्धा!

हल्ली मेघा महत्त्वाचं सगळं आईला फोनवर सांगते. माझा मान राखायला मलाही कुलूपबंद मेल पाठवते. कालचीच मी बरोबर बटण दाबून, पहिल्या झटक्यात उघडली. आत एकच ओळ होती : 'बाबा, सविस्तर आईला सांगितलंय, तिला विचारा.'