उपाशी नळ्या आणि नर्मदाकाकीची पेज

आमच्या नर्मदाकाकीसमोर कुणी उपाशी आहे असं चुकूनही बोलू नये. महायुद्धाच्या साली तांदूळ मिळेनासा झाला, त्या उपासमारीत तिचा थोरला मुलगा लवू गेला. तेव्हापासून भूक हा शब्दही तिला सोसत नसे. दारी आलेल्याला पेज पाजल्याशिवाय ती सोडत नसे.

नेमकं हेच तिची लेक सत्यवती विसरली. शिकलेल्यांचं असंच, जग कळतं, आई कळत नाही.

चौसष्टच्या मे महिन्यात काकी तापाने अंथरुणाला खिळली, म्हणून सत्या मुंबईची प्रयोगशाळा सोडून मालवणला धावली. प्रयोग अर्ध्यावर होता, त्यामुळे जंतूंच्या नळ्या बरोबर आणून तिने गारव्यासाठी माठाखालच्या ओल्या वाळूत रोवल्या. काकीने विचारलं तेव्हा हौसेने समजावलं. वाढताना जंतू आपल्या डीएनएच्या, म्हणजे वंशाच्या धाग्याच्या, भराभर नकला काढतात. त्या काढणारं द्रव्य म्हणजे पॉलिमरेज. खायला मिळेना की वाढ थांबते. मग जंतू ते पॉलिमरेज मोडून टाकतो, की बरे दिवस येतील म्हणून राखून ठेवतो? ते मोजायलाच यांना उपाशी ठेवलंय. प्रयोग फसला तर प्रयोगशाळेतले सर तिची जागा दुसऱ्याला देणार होते. त्या धास्तीने ती सारखी माठाभोवती घुटमळे.

दुसऱ्या दिवशी ती औषध आणायला बाजारात गेली. परतली तर नळ्या पांढऱ्या गढूळ, त्यांच्या तोंडचे कापसाचे बोळे वाकडे. मी घरातच होते आणि काकी अंथरुणातून कधी उठली याचा मला पत्ता नव्हता.

"आये, काय केलंस?"

"जीवच ते. वायच पेज घातलंय तेंका," काकी म्हणाली. मग डोळे पुसत, "एकाक तेवढी पुरली नाय गो."

सत्याने वाळू उपसली. एक नळी खरंच होती तशीच होती. ती छातीशी धरून सत्या रडायलाच लागली. एका नळीवर निभेल की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिला अंथरुणाजवळचा रिकामा वाडगा दिसला. पेज काकीच्याच वाट्याची होती, आणि तिच्या पोटात एक घोटही गेला नव्हता.

सत्या चुलीशी गेली. पेज शिजल्यावर आईला भरवू लागली. दोन घोट घेऊन काकीने वाडगा सरकवला.

"आता त्या एकाक दी."

"देतंय, आधी तू खा," सत्या म्हणाली, आणि नळी पदराखाली लपवली.