आमच्या रूम पार्टनरचा ब्राउझर

जे आपल्या ब्राउझरवर दिसत नाही ते जगात नसतंच, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो पडेगावच्या खोलीत माझा रूम पार्टनर होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं कॉम्प्युटरबद्दल कुणी ठासून सांगितलं की मला ते खरंच वाटायचं; आणि हा तर सगळं ठासूनच सांगायचा. त्याच्याकडं हातात मावणारं, गेम खेळायचं एक जुनं यंत्र होतं. त्यावर त्यानं कधी गेम खेळल्याचं मला आठवत नाही. कुण्या हौशी माणसानं घरी बनवलेला फुकटचा ब्राउझर त्यानं त्यात घातला होता आणि खालच्या चहावाल्याच्या वायफायवर तो त्यातून अख्खं इंटरनेट बघायचा. अख्खं म्हणजे त्याच्या मते अख्खं. व्हिडिओ चालत नसे. चित्रं आली की मेमरी संपून यंत्र बंद पडे, म्हणून चित्रं त्यानं कायमचीच बंद करून टाकली होती. "चित्रं काय बघायची? कामाचं सगळं अक्षरांत असतंय," तो म्हणायचा. ती दुष्काळाची वर्षं होती. एखादं पान उघडायला लावून तो हंडा घेऊन टँकरवर जायचा, आणि बऱ्याचदा पाणीच आधी मिळायचं.

एकदा भाषांच्या यादीत त्याला त्याचं गाव सापडलं. "आपलं कन्नड हाय बघ यात. स्पेलिंगमधी एक ए जास्तीचा पडलाय, तेवढं चालायचं." ती कर्नाटकातली भाषा आहे, हे मी चाचरत सांगेपर्यंत त्यानं ती निवडलीसुद्धा, आणि ती लिपी यंत्रात नसल्यानं पडद्यावरच्या बटणांवरची अक्षरं जाऊन नुसते चौकोन आले. दुसऱ्या कुणी ते लगेच बदललं असतं. हा पठ्ठ्या चौकोनांच्या लांबीवरून बटणं ओळखायला शिकला, कारण गावाचं नाव आपल्या हातानं काढायचं त्याच्या जिवावर आलं.

शेवटच्या वर्षी बिडकीनकडच्या एका कारखान्याची माणसं त्याच्या शाखेच्या मुलांच्या मुलाखतींना कॉलेजात येणार होती. त्याचे आईवडील चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरले होते. नोकरी लागली नाही तर यालाही कळपामागं जावं लागणार होतं. तारखेसाठी तो रोज कॉलेजची साइट बघायचा आणि खात्रीनं सांगायचा, "काय नाय. मंजी अजून ठरलंच नाय." एके सकाळी मी लायब्ररीत गेलो, तर पोरं इस्त्रीचे शर्ट घालून रांगेत उभी. नोटीस साइटवर होती. फक्त ऑफिसनं कागदाचा फोटो काढून तो चढवला होता.

मी चहावाल्याच्या फोनवर निरोप दिला. माझा एकुलता एक बरा शर्ट अंगात घालून हा सगळ्यात शेवटी पोचला. उशीर का, असं विचारल्यावर त्यानं म्हणे खिशातून यंत्र काढून चित्रांची अडचण मुलाखत घेणाऱ्या साहेबांना सविस्तर समजावली. साहेबांनी मग बटणांवर चौकोन का, ते विचारलं, आणि कन्नडचं ऐकल्यावर त्यांना हसू आवरेना. "नुसते चौकोन बघून एवढं चालवतोस, तर आमचं मशीनपण शिकशील," असं म्हणून त्यांनी त्याला घेतलं.

बाहेर पायरीवर बसून त्यानं माझ्या साध्या, बटणांच्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मेंढरं कुठल्यातरी रेंज नसलेल्या रानात बसली असणार.

"असतील तिकडंच कुठंतरी," तो हळूच म्हणाला. "कळंल त्यास्नी."

मग फोन मला परत न देता त्यानं तो तसाच मांडीवर ठेवला, आणि उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.