लाल कोंबडीची अंडी

रोटाव्हायरसने लहान लेकरांना जुलाब लागतात. त्यावर कोंबडीच्या अंड्यातून औषध मिळतं का, हे शोधणं माझं काम. मेलेला विषाणू कोंबडीला टोचायचा. तिच्या रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे अंड्याच्या बलकात उतरतात. ती काढून प्रयोगशाळेत तपासायची. काही गावरान कोंबड्या मी अनसिंग गावी, सासूबाईंच्या परसात ठेवल्या होत्या. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. त्यांची पहिली पोरगी अशाच हगवणीत गेली होती.

सगळ्यांत सरस प्रतिपिंडं निघाली लाल कोंबडीच्या अंड्यांत. पण एकदाच आलेल्या निकालावर विश्वास कोण ठेवणार? प्रयोगशाळेतल्या माझ्या सरांनी ठणकावलं, पुन्हा करून दाखव, नाहीतर हे काम इथंच थांबेल. रविवारी मी एसटीने अनसिंग गाठलं, तर लाल कोंबडी अंडी देणं थांबवून खुडूक बसलेली आणि माझ्यासाठी जपलेली तिची अंडी सासूबाईंनी तिच्याच पोटाखाली सारलेली. खुडूक कोंबडीला रिकाम्या जागेवर बसू द्यायचं नाही, हा त्यांच्या माहेरचा नेम. माझं डोकंच फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. त्या ज्वारी निवडत राहिल्या.

"तूच म्हणली ना, त्याच्यात लेकराची दवा हाये," त्या म्हणाल्या. "मंग पयले तिच्याच लेकरायले भेटली तं काय बिघडलं व?"

खरंच होतं ते. कोंबडी प्रतिपिंडं बलकात ठेवते ती पिल्लांसाठीच. आम्ही मधल्यामध्ये हात मारतो. मला हसू आलं आणि राग ओसरला. सरांच्या हातापाया पडून मुदत मागून घेतली. पिल्लं निघाली, आईला सोडून हिंडू लागली, आणि लाल कोंबडी पुन्हा अंडी देऊ लागली.

या खेपेलाही तोच निकाल आला. तिच्या बलकातली प्रतिपिंडं विषाणूत मिसळून पेशींवर सोडली, तर बशीतल्या पेशी जिवंत राहिल्या. सरांच्या आधी मी अनसिंगला फोन लावला. इतका आनंद झाला होता की नीट सांगताही येईना.

"म्हंजे आता लेकरू वाचन?" सासूबाईंनी विचारलं.

लगेच नाही, अजून पुष्कळ तपासण्या आहेत, वर्षं लागतील, असं मी सांगितलं.

"लागू दे," त्या म्हणाल्या. "माह्या पोरीले नाई भेटली. कोनाच्या तरी पोरीले भेटन."