जिभेवरची बॅटरी

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी हातात आली की काका आधी तिची दोन्ही टोकं जिभेला लावत. डोळे मिटत. मग म्हणत, "हाय, जीव हाय." नाहीतर, "शेट, मेली ही."

दोन हजार सालानंतर वसईत माझं घरफोडीचे अलार्म बसवायचं दुकान होतं आणि भुईगावचे काका माझे फिटर. दाराखिडक्यांवर बिनतारी सेन्सर, प्रत्येकात एक बॅटरी. दार उघडलं की भोंगा वाजणार. मी बॅटऱ्या मीटरवर तपासायचो. काकांना ते पटत नसे. "मीटर खोटं बोलतो. पडून राहिलेली बॅटरी आकडा झकास दाखवते, कामाला लावली की बसते. माज्यासारखी!"

अशी नेमाची माणसं तुम्हीही पाहिली असतील. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलायच्या. जुनी नव्यात मिसळायची नाही. खाऱ्या वाऱ्याने हिरवट झालेल्या पट्ट्या खोडरबराने घासायच्या, झाकणाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवायची. शेवटी एकेक दार उघडून भोंगा वाजवायचा. शेजारी ओरडले, "पुरे की आता!" तर काका विचारत, "चोर आल्यावर पन असाच ओरडशील ना?"

सांडोरला एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळे त्यांना टीचर म्हणत. एका मे महिन्यात काका त्यांच्या पुढच्या खिडकीशी शिडीवर होते, मी मागच्या दाराशी. एक बॅटरी कमी पडली. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी परत यायला लावलं असतं. मला दुकानात जायची घाई होती. काढलेल्या जुन्यांतली एक मीटरवर चांगली दिसली. तीच बसवली आणि चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घातली. त्या दिवशी भोंगाही वाजला.

जुलैत एका रविवारी टीचर चर्चमध्ये मिस्साला गेल्या असताना चोरांनी मागचं दार फोडलं. टीचरच्या आईच्या बांगड्या गेल्या. भोंगा वाजला नाही.

काकांनी टीचरसमोर सेन्सर उघडला. बॅटरी जिभेला लावली. चिठ्ठी वाचली. अक्षर माझं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी लादीकडे. चिठ्ठी खरवडून खिशात घालत ते म्हणाले, "टीचर, माजी चूक झाली."

"तुमच्या भरवशावर दार ओढून जात होते हो मी," टीचर म्हणाल्या.

मी हत्यारं पिशवीत भरली.

दुकानात शिडी टेकवून काका म्हणाले, "शेट, तुमचं दुकान हाय. माजी वाडी हाय." आणि ते केळींच्या वाडीत गेले ते परत आलेच नाहीत. गावात कोणी त्यांना पुन्हा साधा पंखा लावायलाही बोलावलं नाही, हे मला ठाऊक होतं.

काही वर्षांनी काका वारले. मातीला मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. पुढच्या जूनमध्ये टीचरच्या घरी गेलो आणि दारातच सांगितलं, "ती बॅटरी मी बसवली होती."

 टीचर म्हणाल्या, "काका दर मे महिन्यात येऊन बॅटऱ्या बदलून जायचे. बोलायचे नाहीत. मीही कधी 'बसा' म्हटलं नाही. यंदा कोणी आलं नाही."

मी मागच्या दाराचा सेन्सर उघडला. आत काकांच्या अक्षरात गेल्या वर्षीच्या मेची तारीख. बॅटरी जिभेला लावली. बारीकशी चुणचुण लागली, जीव होता. तरी मी ती बदलली. मग घरातल्या सगळ्या बदलल्या, आणि एकेक दार उघडून भोंगा वाजवला.