तळव्याचं बटण

मुलगी झाली तेव्हा नर्स तिला कापडात गुंडाळून माझ्याजवळ घेऊन आली. "लक्ष्मी आली बरं का," म्हणाली. मी म्हटलं, "तिचे पाय दाखवा."

तिला वाटलं मी अजून ग्लानीत आहे. मी पुन्हा म्हटलं तेव्हा तिने कापड बाजूला केलं. उजवा पाय सरळ होता. डावा घोट्यापासून आत वळलेला होता, टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून. नर्सने कापड पुन्हा सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

मला कळलं नव्हतं. नऊ महिने फक्त भीती वाटली होती. माझाही डावाच होता.

माझं माहेर एरंडोलजवळच्या एका खेड्यातलं. मी जन्मले तेव्हा सुईणीने तेल लावून पाय चोळायला सांगितलं होतं. नंतर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळगावला नेऊन प्लॅस्टरं घातली. कापूस वेचणीला आला तशी ती सुटली, आणि कोणी पुन्हा नेलं नाही. पायाच्या बाहेरच्या कडेवर टेकून मी चालायला शिकले. त्या कडेला घट्टा पडला होता, खालून बघितलं तर बैलाच्या खुरासारखा. शाळेत घालायच्या आधी कोणीतरी नानांना धुळ्याचा दवाखाना सांगितला आणि तिथे माझं ऑपरेशन झालं. आमच्याकडे तेव्हा हाच उपाय ठाऊक होता. टाचेच्या मागून आणि आतल्या बाजूने पाय मोठा उघडायचा, आखडलेल्या शिरा लांब करायच्या, सांधे मोकळे करायचे, हाडं जागेवर आणून तारेने धरून ठेवायची.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. वॉर्ड आठवतो. भाऊ तेव्हा अंगावर पीत होता, त्याला काकूकडे ठेवून आई माझ्याबरोबर आली होती. त्याला ताप भरल्याचा निरोप आला आणि आई दुपारच्या बसने गावी गेली. "दोन दिवसांत येते," म्हणाली. नाना धुळ्यातच होते, पण बायकामुलांच्या त्या वॉर्डात पुरुषमाणसाला भेटीच्या वेळेपुरतंच सोडत. ते यायचे, उशाशी उभे राहायचे, माझ्या केसांवरून हात फिरवायचे आणि घंटा झाली की जायचे.

शेजारच्या खाटेवर एक बाई होती. तिच्या मुलीचा हात भाजला होता. ती दुधात भाकरी कुस्करून आधी आपल्या मुलीला भरवायची, मग मला. मी दाराकडे बघत रडायला लागले की म्हणायची, "रडू नको माय, मी शे ना आठे." मी आहे ना इथे. एका सकाळी तिच्या मुलीला घरी सोडलं. जाताना तिने माझ्या पायावरची चादर नीट केली. नंतर आयाने त्या खाटेवरची गादी धुवायला नेली आणि उघड्या लोखंडी पट्ट्या राहिल्या. आई येईपर्यंत मी त्या पट्ट्या बघत होते. किती दिवस, ते सांगता येत नाही. आई आली तेव्हा तिने मोसंबं सोलून पुढे धरलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

पाय सरळ झाला. ते नाकारण्यात अर्थ नाही. पावलं जमिनीला टेकली, मी शाळेत गेले, कॉलेजात गेले. पण घोटा वाकत नाही. उकिडवं बसता येत नाही. डावं पाऊल उजव्यापेक्षा लहान राहिलं, पोटरी बारीक राहिली, आणि फार वेळ उभी राहिले की आतून ठणकतं.

लग्नासाठी स्थळं यायला लागली तेव्हा पाहुणे चहा घ्यायचे, पोहे खायचे आणि मग त्यांच्यातलं कोणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "बेटा, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव." मी चालून दाखवायची. माझा नवरा बघायला आला तेव्हाही त्याच्या आत्याने तेच सांगितलं. पण नंतर आम्हाला दोघांना ओसरीवर बोलायला बसवलं तेव्हा त्याने विचारलं, "दुखतो का?" तोपर्यंत हे कोणी विचारलं नव्हतं. मी होकार दिला तो तेवढ्यावरच.

लग्नानंतर आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहायला आलो. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवऱ्याला नरडाण्याच्या एमआयडीसीत काम लागलं. तो तिथेच खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी यायचा. आठवडाभर मी एकटी. तशी सवय होते. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत इतका कमी भात लागतो.

सासूबाई बाळंतपणाला आल्या होत्या. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं, पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुनाच पाय लई उनी व पोर." माझाच पाय घेऊन आली पोर. त्यांनी ते टोचायला म्हटलं नव्हतं, सरळ जे दिसलं ते म्हटलं. पण न्हाणीघरात जाऊन मी नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. गावी दोन म्हशी होत्या, म्हणून महिन्याने सासूबाईही परत गेल्या.

हाडांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा नवरा बरोबर आला होता. डॉक्टरांनी मुलीचा पाय दोन बोटांत धरून हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवून पाहिला. मी मधेच विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?"

"एवढी घाई?"

मी चप्पल काढून माझा पाय दाखवला. ते खाली बसले, टाचेमागचा व्रण पाहिला, घोटा वाकवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खुर्चीत बसले.

"असं मोठं ऑपरेशन आता सुरुवातीला करत नाहीत ताई," ते म्हणाले. "त्याने पाय सरळ होतो, पण पुढे ताठ होतो. तुम्हाला माहीतच आहे. लहान बाळाचा पाय मऊ असतो. दर आठवड्याला थोडा थोडा वळवून प्लॅस्टर घालायचं. शेवटी टाचेमागची आखडलेली शीर तेवढी बारीक छेद देऊन सोडवायची. ती आपोआप जुळते, आणि लांब होऊन जुळते. मोठं ऑपरेशन लागतं ते एवढ्याने भागलं नाही तर. मूल मोठं झालं असेल आणि पाय घट्ट असेल तर कधी हाडही कापावं लागतं. तुमच्या मुलीवर ती वेळ येऊ नये असं बघू."

नवऱ्याचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बघ, किती सोपं आहे." मी मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. माझा पायही कधीतरी असा दोन बोटांत मावत होता, मऊ होता. हे मी कोणाला सांगणार? मुलीच्या आनंदात आपलं रडगाणं, असंच वाटलं असतं ऐकणाऱ्याला.

प्लॅस्टरचे दिवस नेमके उन्हाळ्याचे आले. जळगावचा उन्हाळा, आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलेलं तान्हं मूल. वारा तिच्या अंगावर येणार नाही असा कूलर भिंतीकडे वळवायचा. अंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. बोटं दाबून बघायची, पांढरी होऊन पुन्हा लाल होतात ना. दवाखान्याच्या दिवशी सकाळी प्लॅस्टर कोमट पाण्यात भिजवून सोडवायचं, मग रिक्षा. रिक्षावाले विचारायचे, "पडली का हो?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर "हो" म्हणायला लागले. एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढताना माझाच पाय ठणकायचा. संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. मागे कारखान्याचा आवाज असायचा. "कसं झालं?" "झालं." "रडली का?" "थोडी." एवढंच. तो शिफ्टवर चाललेला असायचा, त्याला काय सांगायचं.

पाय मात्र दर आठवड्याला माझ्या डोळ्यांदेखत बाहेर वळत गेला. मग ती शीर सोडवायचा दिवस आला. मंगळवार होता, नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. डॉक्टर म्हणाले, टाचेची जागा बधिर करतो, भूल द्यायची गरज नाही, तुम्ही बाहेर बसा. मी बाकावर बसले. चहा सांगितला होता, तो निवायच्या आतच त्यांनी बोलावलं. मुलगी रडून थकली होती आणि नवीन प्लॅस्टर घालून झालं होतं. छेद मला दिसलाही नाही.

त्या दुपारी ती झोपल्यावर मी आईला फोन लावला. नाना अंथरुणाला खिळलेले होते, त्यामुळे आईला गाव सोडता येत नव्हतं. सगळं सांगितल्यावर मी म्हटलं, "आई, धुळ्याला माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू मला सोडून घरी गेली होतीस ना, ते आठवतं का?"

"मी?" आई म्हणाली. "मी कोठे गयथू? मी तठेच व्हतू, तुनाजोडे."

"भाऊला ताप आला होता बघ. तू बसने गेलीस."

"तुले सोडीसन कशी जासू मी, बेटा? तू लहान व्हती, तुले काय आठवस?"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आठवणीत ती खरंच माझ्या उशाशी बसलेली होती. नानांना विचारावं म्हटलं तर त्यांना आता माणसंही ओळखू येत नव्हती. मी म्हटलं, "असेल, मीच विसरले असेन." फोन ठेवला. तो वॉर्ड, ती भाकरी कुस्करणारी बाई, ती उघडी खाट, हे सगळं जगात आता माझ्या एकटीजवळ उरलं होतं.

प्लॅस्टर संपल्यावर बूट आले. दोन बूट आणि मधे दांडी. आधी दिवसरात्र, मग फक्त झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. ती दांडी पाळण्याच्या कडेवर आपटून आपटून तिने आवाज काढायला शिकून घेतलं. वर्षाची झाल्यावर थोड्याच दिवसांत चालली, दोन्ही तळवे टेकून. नवरा त्या शनिवारी घरी होता, त्याने नरडाण्याच्या सगळ्या मित्रांना फोन केले.

ती साडेतीन वर्षांची झाली तेव्हा एकदा मला गच्चीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे दिसले. उजवा ठसा पूर्ण होता. डाव्याची फक्त बाहेरची कड उमटली होती.

डॉक्टरांनी तिला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये चालायला लावलं आणि ती पाऊल उचलताना पाय आत ओढतेय हे मला दाखवलं. "बूट नीट घातले तरी काही मुलांत पुन्हा वळतो," ते म्हणाले. "आधी पुन्हा प्लॅस्टर. मग एक ऑपरेशन. पायाच्या पुढची एक शीर पाऊल आत ओढतेय. ती तिथून सोडवून पावलाच्या मधोमध, थोडी बाहेरच्या अंगाला बसवायची. मग तीच शीर पाय सरळ उचलते. सांधे उघडायचे नाहीत, त्यामुळे तुमच्यासारखा ताठ होणार नाही." त्यांनी ज्या सर्जनकडे पाठवलं ते धुळ्याला होते.

धुळ्याच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा वाटलं होतं काहीतरी ओळखीचं दिसेल. काहीच दिसलं नाही. दवाखानाही वेगळा, नवा, आम्हाला स्वतंत्र खोली. नवरा आला होता. ऑपरेशन झालं, सर्जननी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, तो दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला आणि मग कामावर गेला. मी तिच्याजवळ बसून राहिले. जेवायचा डबाही मी खोलीतच मागवला. नर्स म्हणाली, "ताई, जरा पाय मोकळे करून या, मी आहे ना." मी म्हटलं, "नको." मुलगी जागी होईल आणि मी दिसणार नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. तिला मात्र माझ्याकडे बघायला सवड नव्हती. मोबाइलवर गाणी लावून तिला पुढच्या मोठ्या खोलीतल्या मुलांकडे जायचं होतं.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर काढायला पुन्हा गेलो. कापायचं यंत्र बंद झालं, आतला पाय बारीक आणि सालपटं निघालेला दिसला, आणि तळव्याच्या मधोमध एक बटण. शर्टाला असतं तसं. शीर नव्या जागी धरेपर्यंत तिचा दोरा हाडातून खाली आणून त्या बटणावर बांधलेला होता. मला कोणीतरी आधी सांगितलं असेल, माझ्या लक्षात नव्हतं. मुलीने मान वाकडी करून तळवा बघितला.

"आई, माझ्या पायाला काज कुठंय?"

सर्जनसुद्धा हसले. त्यांनी दोरा कापला, बटण सुटून आलं. मुलगी म्हणाली, "मला द्या." त्यांनी ते धुऊन तिच्या हातात ठेवलं. जळगावच्या बसमध्ये तिने ते कुठेतरी पाडलं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

आता ती पाच वर्षांची आहे. घोटा वाकतो. अंगणात चिंचोके खेळायला ती उकिडवी बसते, तास तास. पाऊल किंचित लहान आहे, पण ते मलाच दिसतं. ती मोठी होईपर्यंत वर्षातून एकदा दाखवायला जायचं आहे. सकाळी मी तिला शाळेच्या रिक्षात बसवते. ती आपल्या मैत्रिणींत शिरते आणि रिक्षा कोपऱ्यावर वळते. मी जिना चढून वर येते, कठड्याला धरून, एकेक पायरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या कॉलनीतली धुणी वाळताना दिसतात. नवरा शनिवारी येईल. मी रेडिओ लावते आणि पोळ्यांची कणीक भिजवायला घेते.