बुडाशी अडलेल्या पुंगळ्या

शनिवारी सकाळी नेमबाजी क्लबात काडतुसांच्या चाळीस रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठी टेबलावर होत्या आणि आम्ही तिघे हजर होतो: मी, क्लबचे आयरिश सेक्रेटरी आणि ट्रली गावाहून येणारे एक भूलतज्ज्ञ डॉक्टर. 'जवळपास' हा शब्द मी डॉक्टरांच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. जुन्या बॅरलमधून उडालेल्या त्या पुंगळ्या क्लबच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून त्यांनी मापात आणल्या होत्या, तरी त्यांच्या रायफलच्या नव्या बॅरलमध्ये एकही बसेना. दुपारच्या स्पर्धेसाठी त्यांनी वर्षभर सराव केला होता.

डॉक्टरांनी एक पुंगळी मार्करने काळी केली, बॅरलमध्ये सरकवली आणि बाहेर काढली. बुडाशी शाई खरवडली गेली होती.

"इथपर्यंत डाय पोचतच नाही," ते म्हणाले.

"रायफलचा बोल्ट जोरात दाबा, ग्रँड होईल, एकदम झकास," सेक्रेटरी म्हणाले. "नाहीतर बॅरल थोडं घासून घ्या."

"बॅरल मापात आहे. चूक पुंगळीची, आणि घासू बॅरल?"

"अहो डॉक्टर, आजच्या दिवस चालवून घ्या," मीही म्हणालो.

"भूल देतानाही असंच चालवून घेऊ?"

त्यांनी भिंतीवरच्या स्पर्धकांच्या यादीतलं स्वतःचं नाव सरळ रेघेने खोडलं आणि सेक्रेटरींकडे वळून विचारलं, "गुण मोजायला कोण आहे? मी मोजतो."