गोळीवरचं दूध
दूध उतू गेल्याचा वास आला की मला मेडशीचा बसथांबा आठवतो. बाबांना पार्किन्सन आहे. त्या सकाळी दवाखान्यात निघताना आईने त्यांना नेहमीसारखी पेलाभर दुधासोबत गोळी दिली. म्हणाली, "नुसत्या पाण्यानं गरम पडते." थांब्यासमोर रस्ता ओलांडताना मधोमध बाबांचे पाय जमिनीला चिकटले. समोरून ट्रक हॉर्न वाजवत येत होता. "बाबा, चाला ना!" मी किंचाळले. "पायच हालून नाही राह्यले वं," ते पुटपुटले. टपरीवरचा एकजण हसला, "सकाळीच टाकून आला काय बे बुढा?" मी बाबांना कमरेला धरून ओढलं आणि ट्रक हातभर अंतरावरून गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "गोळी कशासंगं घेता?" दुधातली प्रथिनं या गोळीचा असर अडवतात, ती जेवणाच्या अर्धा तास आधी पाण्यासोबत घ्यायची, हे वर्षभर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. काहून नाही सांगितलं? आज मी गावोगाव पत्रकं वाटत हेच ओरडून सांगते. तरी घरात दूध तापलं की माझी नजर आधी बाबांच्या पायांकडे जाते.